लाटेपलीकडचा गळ

अर्नाळा, कळंब, राजोडी, उत्तन अशा आपल्या कोणत्याही किनाऱ्यावर भरतीच्या वेळी गेले असता, गुडघाभर पाण्यात उभा राहून लांब काठीने गळ फेकणारा एखादा तरी मनुष्य दृष्टीस पडतो. पूर्वी हे दृश्य विरळ होते. गरवणे म्हणजे खडकावर बसून हातदोरीने शिंगाळा किंवा मुडदुशी काढणे, इतकीच आपल्याकडील कल्पना होती. आता आखाती देशांतून किंवा बोटीवरील नोकरीवरून परतलेले तरुण बारा-तेरा फुटी काठ्या आणि चकचकीत रिळे घेऊन येतात आणि कोणत्या काठीने गळ अधिक दूर जातो यावर धर्मग्रामाच्या अंगणातही वाद घालतात. हा वाद नवा नाही. पाण्याच्या काठावर उभे राहून आपला हात आणखी थोडा लांब व्हावा, ही इच्छा गळाइतकीच जुनी असावी. ती इच्छा कोणत्या वस्तूंतून कशी साकार झाली आणि तिची किंमत काय पडली, याचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

शुभवर्तमानांत जाळ्यांची वर्णने अनेक आहेत. परंतु गळ टाकण्याचा प्रसंग एकच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायातील. मंदिराच्या करासाठी पेत्राला सरोवरावर धाडले जाते ते जाळे घेऊन नव्हे, गळ घेऊन. कुटुंबाचा व्यवसाय जाळ्यावर चाले आणि गळ हे एकट्याने, एखाददुसऱ्या माशासाठी वापरायचे साधन होते, हा भेद तेथेही दिसतो. पुढे १४९६ मध्ये इंग्लंडमध्ये गळाने मासे धरण्याविषयीचा पहिला इंग्रजी प्रबंध छापला गेला. सोपवेलच्या एका मठाधिकारिणीने, ज्युलियाना बर्नर्स हिने, तो लिहिल्याची परंपरा आहे. अभ्यासकांना तिच्या कर्तृत्वाविषयी शंका आहे. आम्हांला मात्र ती परंपरा प्रिय आहे. या प्रबंधात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची सांगितली आहे. बारीक माशासाठी एक केस, मोठ्या ट्राउटसाठी बारा आणि सामन माशासाठी पंधरा केसांचा पीळ. ही दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली असे. म्हणजे काठीची लांबी अधिक दोरीची लांबी, येथेच माणसाची पोच संपली. चीनमध्ये मात्र सुमारे ११९५ च्या मा युआन या चित्रकाराच्या एका चित्रात नावेतील कोळ्याच्या काठीला दोरी गुंडाळण्याची चक्री स्पष्ट दिसते. युरोपातील पुस्तकांत अशी चक्री सतराव्या शतकाच्या मध्यास उल्लेखिली जाऊ लागली. तीही फेकण्यासाठी नव्हती. पळणाऱ्या माशाला दोरी सोडता यावी, एवढाच तिचा उपयोग होता.

चक्रीतून दोरी सुटून गळ दूर जावा, ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती घड्याळजींनी. अमेरिकेतील केंटकी राज्यात पॅरिस नावाचे एक लहान गाव आहे. तेथील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास पितळेचे एक रीळ बनविले. मूठ एकदा फिरविली की आतील दातेरी चाकांमुळे दोरीचा गोल अनेक वेळा फिरत असे. चाके इतकी बारकाईने घासलेली होती की शिशाच्या किंवा आमिषाच्या ओढीनेच गोल हलकेच फिरू लागे आणि दोरी बाहेर पळे. फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, हे काम पुढे नेले. नंतर न्यूयॉर्कच्या कारागिरांनी खाऱ्या पाण्यासाठी मोठी रिळे घडविली.

हा योगायोग येथेच संपत नाही. स्वीडनमधील स्वांगस्टा येथे १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ज्या कारखान्याचे आबू हे नाव जगभरच्या किनाऱ्यांवर पोहोचले, त्या नावाचा मूळ अर्थ घड्याळांचा कारखाना असाच आहे. फ्रान्समधील क्लूझ या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी घड्याळांचे सुटे भाग घडविण्याची परंपरा होती. १८४८ मध्ये तेथे घड्याळविद्येची शाळाही निघाली. मिचेल हे प्रसिद्ध रीळ त्याच गावचे. आपल्या हातातील रीळ कानाशी धरून फिरवून पाहावे. जो बारीक, एकसारखा आवाज येतो तो घड्याळाचाच होय.

समुद्रकिनाऱ्यावरून गळ फेकण्याचा छंद संघटित स्वरूपात प्रथम दिसतो तो अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर. मॅसॅच्युसेट्सजवळील कटीहंक या बेटावर १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी एक क्लब स्थापिला. त्यांचे लक्ष्य एकच होते, पट्टेदार बास. हा मासा फेसाळत्या लाटांत, खडकांच्या कुशीत भक्ष्य शोधतो. क्लबाने किनाऱ्यापासून पाण्यातील मोठमोठ्या धोंड्यांपर्यंत लोखंडी दांड्यांवर फळ्यांचे पूल बांधले. कोणता पूल कोणाला, हे आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरे. प्रत्येक सभासदाबरोबर एक गावकरी पोऱ्या असे. त्याचे काम पाण्यात आमिषाचे तुकडे फेकून मासे जवळ बोलावण्याचे. आणि हे आमिष शेवंडाच्या मांसाचे असे! आज शेवंडाचा भाव ऐकणाऱ्या आपल्या बाजारकरणींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांच्यापाशी पूल, पोऱ्या आणि शेवंडे होती त्यांना फार दूर फेकण्याची गरजच नव्हती. मासा त्यांच्या पायाशी येई. दूर फेकण्याची गरज उघड्या वाळूवर उभ्या राहणाऱ्याला होती. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू जर्सीच्या वाळूच्या किनाऱ्यांवर ही कला वाढली आणि चार औंसांचे, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमचे शिसे कोण अधिक दूर टाकतो याच्या स्पर्धाही होऊ लागल्या. १९२० मध्ये व्हॅन कॅम्पेन हाइल्नर आणि फ्रँक स्टिक यांनी याच छंदावर एक ग्रंथ लिहिला. दूरफेक ही पुलाविना उभ्या राहिलेल्याची विद्या आहे, असे आम्हांला वाटते.

मात्र त्या काळच्या साधनांनी ती साधणे सोपे नव्हते. दोरी आयरिश तागाची असे, आणि बेटाच्या नावावरून तिला कटीहंक दोरी हेच नाव पडले. एका धाग्याला भिजल्यावर तीन पौंड याप्रमाणे तिचे बळ मोजत. नऊ धाग्यांची दोरी सत्तावीस पौंडांची. ती कोरडी असता कमजोर आणि भिजली की बळकट होई. पण खाऱ्या पाण्याने कुजत असल्यामुळे घरी परतल्यावर रात्री कितीही उशीर झाला तरी ती गोड्या पाण्यात धुऊन, उलगडून वाळत घालावी लागे. रिळाला आरंभी आवर घालणारी कळही नव्हती. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटांची हाडे मोडत. चामड्याचा तुकडा किंवा अंगठ्यावर चढविलेली टोपी एवढाच आधार असे. १९१३ च्या सुमारास ताऱ्याच्या आकाराच्या चकतीने घट्ट-सैल करता येणारी कळ आली, तेव्हा कोठे बोटे वाचली.

आणखी एक संकट होते, ते आजही आहे. फेकीच्या वेळी शिसे सुरुवातीला वेगाने जाते आणि मग हवेच्या विरोधाने मंदावते. गोल मात्र घेतलेल्या वेगाने फिरतच राहतो. दोरी जितकी बाहेर जाते त्याहून अधिक सुटते आणि क्षणार्धात रिळावर पाखराच्या घरट्यासारखा गुंता होतो. हा गुंता टाळण्यासाठी अंगठ्याने गोलाला हलकेच लगाम घालावा लागतो. ती शिकवण पुस्तकातून मिळत नाही. आबूच्या कारखान्याने १९५० च्या दशकात आपल्या अँबॅसडर रिळात लहानशा ठोकळ्यांचा लगाम बसविला. गोल वेगाने फिरू लागला की हे ठोकळे आपोआप बाहेर सरकून घासू लागतात. फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे या जर्मन स्थलांतरिताने १९३२ मध्ये काढलेल्या पेन कारखान्याची दणकट रिळेही याच काळात किनाऱ्याकिनाऱ्यावर दिसू लागली.

याच अडचणीतून दुसरा मार्ग निघाला. गोल फिरविलाच नाही तर? स्कॉटलंडमधील पर्थ गावच्या पीटर मॅलॉक याने १८८४ मध्ये असे रीळ काढले की फेकीच्या वेळी ते काटकोनात वळवावे. दोरी गोलाच्या कडेवरून सुटून जाई आणि गोल स्थिर राही. गुंता टळला, पण प्रत्येक वेढ्यागणिक दोरीला एक पीळ पडू लागला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे चार्ल्स अल्वी याने १९२० पासून याच तत्त्वाची मोठी, साधी रिळे बनविली. त्यांत बिघडण्यासारखे काही नव्हते. वाळूत पडले तर समुद्रातच धुऊन घ्यावे. यॉर्कशायरच्या ब्रॅडफर्ड येथील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हे लोकरी कापडाचे गिरणीवाले. गिरणीतील चातीवरून सूत उलगडताना त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्याच धर्तीवर त्यांनी १९०५ मध्ये स्थिर गोलाच्या रिळाचे पेटंट घेतले. गोल जागेवर राहतो, त्याभोवती फिरणारी कडी दोरी गुंडाळते आणि फेकीच्या वेळी सूत सुटावे तशी दोरी कडेवरून सुटते. आज आपल्या किनाऱ्यावर दिसणारी बहुतेक रिळे याच कुळातील आहेत. नवख्याने हेच घ्यावे. गोल रुंद आणि लांबट असावा आणि दोरी त्याच्या कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली येईपर्यंत भरलेली असावी. अर्ध्या भरलेल्या गोलावर दोरी कडेला घासत राहते आणि उत्तम काठीची मेहनत वाया जाते.

काठीच्या इतिहासात आपल्या देशाचेही नाव आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत काठ्यांसाठी जो बांबू जाई तो कलकत्त्याहून; त्याला कलकत्ता बांबू असेच म्हणत. जहाजांतून गेलेल्या या बांबूच्या अखंड काठ्या तर होतच, शिवाय त्याच्या चिपा काढून, त्रिकोणी तासून, सहा-सहा एकत्र चिकटवून षट्कोनी काठ्याही बनवीत. पुढे चीनमधील टोंकिन बांबू सरस ठरला आणि कलकत्त्याचा मागे पडला. दुसऱ्या महायुद्धाने चीनचा बांबू मिळेनासा झाला. तेव्हा आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाने काचतंतू राळेत बुडवून काठी बनविण्याची युक्ती काढली आणि १९४७ मध्ये शेक्सपिअर या कंपनीने अशा काठ्या विक्रीस आणल्या. काचतंतूची काठी स्वस्त, न कुजणारी, पण जड आणि काहीशी आळशी. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात बळकट कार्बनतंतू तयार झाला. विमानासाठी शोधलेला हा पदार्थ पुढील दशकात गळाच्या काठीत आला. तीच लांबी, निम्म्याच्या जवळपास वजन आणि वाकल्यावर झटकन सरळ होण्याचा गुण. फेकीचे सारे रहस्य या सरळ होण्यात आहे. आपण शिसे फेकत नाही. काठी वाकवितो आणि काठी शिसे फेकते. म्हणूनच आपल्या बळाने न वाकणारी काठी, ती कितीही महाग असो, निरुपयोगी ठरते. सडपातळ तरुणाने पहिलवानाची काठी घेऊ नये.

दोरीत झालेली क्रांती मात्र सर्वांत मोठी. घोड्याच्या केसानंतर रेशीम आले, ताग आला. गळाजवळच्या पारदर्शक तुकड्यासाठी स्पेनमधील मुर्सिया प्रांतात रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून तार काढीत. वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन सिद्ध केले. १९३८ मध्ये ते जगापुढे आले आणि युद्धानंतर या सर्व दोऱ्यांना त्याने निकालात काढले. आपल्याकडे जिला आपण तंगूस म्हणतो ती हीच. तंगूस कुजत नाही, दिसत नाही. शिवाय ती बारीक काढता येते, आणि लांब फेकीत दोरीची जाडी हाच मुख्य शत्रू आहे. ०.३५ मिलिमीटरची तंगूस ०.५० च्या तंगुसापेक्षा हवेला पुष्कळ कमी अडते.

परंतु बारीक दोरीला फेकीचा धक्का सोसत नाही. म्हणून गळाकडच्या टोकाला जाड तंगुसाचा एक पट्टा जोडतात. काठीच्या टोकापासून लोंबणारा भाग, काठीची लांबी आणि रिळावर पाच-सहा वेढे, अशी सुमारे नऊ-दहा मीटर लांबी त्याला लागते. त्याचे बळ ठरविण्याचा जुना नियम असा आहे : शिशाच्या प्रत्येक औंसामागे दहा पौंड. दीडशे ग्रॅमचे शिसे म्हणजे सव्वापाच औंस; त्याला पन्नास-पंचावन्न पौंडांहून कमी पट्टा चालणार नाही. हा नियम आम्ही मुद्दाम सविस्तर देत आहो. फेकीच्या ऐन भरात दोरी तुटली तर शिसे बंदुकीच्या गोळीसारखे सुटते, आणि आपले किनारे रविवारी मुलाबाळांनी भरलेले असतात. लांब फेकीच्या साऱ्या सामग्रीत सर्वांत स्वस्त वस्तू हा पट्टा आहे, आणि तोच बहुधा वगळला जातो. हे आम्हांला अक्षम्य वाटते.

१९९० च्या दशकाच्या आरंभी विणीची दोरी आली. हॉलंडमध्ये शोधलेल्या अतिबळकट पॉलिथिलीन तंतूची ही दोरी तितक्याच बळाच्या तंगुसापेक्षा निम्म्याहून बारीक असते आणि जवळजवळ ताणतच नाही. तंगूस दीडशे मीटरवर रबरासारखी ताणते, त्यामुळे माशाने आमिष चाखलेले हाताला कळत नाही. विणीच्या दोरीत ते लगेच कळते. पण ती खडकावर घासून चटकन तुटते आणि उघड्या बोटाला चाकूसारखी कापते.

दूरफेकीला शास्त्राचे रूप इंग्लंडमध्ये आले. १९६० च्या दशकात लेस्ली मॉन्क्रीफ या उंचापुऱ्या गृहस्थाने अंग मागे झोकून फेकण्याची आपली पद्धत लोकप्रिय केली. नंतर शिसे लंबकासारखे झुलवून फेकण्याची पद्धत आली. आज मैदानावरील स्पर्धांत दीडशे ग्रॅमचे शिसे अडीचशे मीटरच्या पुढे जाते. ते मैदान असते, हे विसरू नये. तेथे गळ नसतो, आमिष नसते, समोरून वारा असेल तर स्पर्धकांची तोंडे दुसरीकडे वळवितात. गळाला कोळंबी लावून, पाण्यात उभे राहून, त्याच माणसाची फेक निम्म्यावर आली तरी नवल नाही.

सर्वांनाच अशी सामग्री परवडली नाही. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले पहिले भारतीय मजूर नाताळमध्ये उतरले. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी डरबनच्या किनाऱ्यावर मासेमारी केली. त्यांच्यातील गरवणाऱ्यांचे आवडते रीळ म्हणजे स्कारबरो, यॉर्कशायरच्या बंदराच्या नावाचे. एक मोठे साधे चाक, ना दाते, ना कळ. मूठ एकदा फिरविली की चाक एकदाच फिरे, लगाम तळहाताचा. १९५३ च्या कायद्याने तेथील किनारे वर्णावर्णांत वाटले गेले आणि १९९० मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत कोणी कोठे उभे राहावे हे चामडीवरून ठरत राहिले. कटीहंकच्या चिठ्ठ्या टाकून मिळणाऱ्या पुलांशी हे ताडून पाहावे. उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न फेकीच्या लांबीपेक्षा नेहमीच आधीचा असतो.

आता आपल्या किनाऱ्यापुरते. मुंबई-वसईकडे उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते आणि समुद्रतळ फार सपाट आहे. ओहोटीला दीडशे मीटर फेकले तरी शिसे कमरेएवढ्याच गढूळ पाण्यात पडते. याउलट भरती चढू लागली की रावस, ताम, शिंगाळा हे मासे वाळूच्या दांड्यामागील खळग्यातून पाण्याबरोबर आत येतात. तो खळगा कित्येकदा तीस-चाळीस मीटरवर असतो. लाट प्रथम जेथे फुटते तेथे दांडा, आणि त्याच्या अलीकडे जेथे ती मावळते तेथे खळगा, हे ओहोटीच्या वेळी चालत जाऊन पाहून ठेवावे. नवे रीळ घेण्याआधी भरतीचे वेळापत्रक घ्यावे, असे आम्ही तरुणांना सांगतो, ते हसतात. लांब फेकीचा खरा उपयोग होतो तो लाटांची रांग दूरवर फुटत असेल तेव्हा. त्या दिवशी बारा-तेरा फुटी मध्यम काठी, सव्वाशे ग्रॅम शिसे, ०.३५ ची तंगूस आणि वर सांगितलेला पट्टा पुरेसा होतो.

पट्टेदार बासाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एकोणिसावे शतक संपता संपता कटीहंकला मासा येईनासा झाला आणि क्लब ओस पडला. अखेर ती मालमत्ता विल्यम वूड या लोकरी कापडाच्या गिरणीवाल्याकडे गेली. मासा नंतर परतला, पण पुन्हा तीच गत झाली. १९८२ मध्ये ॲटलांटिक सिटीच्या धक्क्यावरून अल्बर्ट मॅकरेनल्ड्स याने साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा विक्रमी बास काढला, तेव्हा ही जात खरे तर नष्टप्राय होत चालली होती. अतिमासेमारी आणि प्रदूषण ही कारणे. १९८४ मध्ये अमेरिकेत खास कायदा झाला आणि मेरिलँड राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे हा मासा धरण्यावर पूर्ण बंदी घातली. बंदी पाळली गेली आणि १९९५ मध्ये मासा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या दिवसांत अंडी घालण्यासाठी खाडीच्या तोंडाशी येणारा जिताडा किनाऱ्यावरच्या काठीला सहज सापडतो. त्याला परत सोडावे की नाही, हा प्रश्न कायद्याने नव्हे, काठी धरणाऱ्याने सोडवायचा आहे.

तागाची दोरी कुजत असे, हा तिचा दोष गणला गेला होता. तुटून समुद्रात राहिलेली तंगूस कुजत नाही. कासवांच्या आणि समुद्रपक्ष्यांच्या पायांत ती गुंतलेली सापडते. गळाला लावायच्या शिशाचेही असेच. गोड्या पाण्यातील राजहंस शिशाचे मणी गिळून मरू लागले म्हणून १९८७ मध्ये इंग्लंडने नद्या-तळ्यांत एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. समुद्रातील फेकीचे शिसे त्याहून जड असल्याने त्या बंदीबाहेर राहिले. आपल्याकडील कोळ्यांची पोरे शिशाऐवजी गॅरेजमधून टाकून दिलेले स्पार्कप्लग बांधतात. ते शिशाइतके दूर जात नाहीत, पण फुकट मिळतात, आणि चाळीस मीटरवरच्या खळग्यापर्यंत नीट पोहोचतात.